मास्तरच्या खुर्चीवर पहिले कोण बसलं

जिंदगीच्या शेवटच्या दिवशी आमच्या चंद्रभानमामानं सकाळीच अंगणात बसून एका मास्तरची खुर्ची वेतानं विणून पुरी केली. आमच्या अर्ध्या सक्करदरा वस्तीच्या खुर्च्या त्याईच्याच हातच्या. विणलेल्या खुर्चीवर पहिले सोता बसून पाह्यल्याबिगर मामा ती कोणाले देत नव्हते. पण त्या दिवशी दुखण्यानं त्याईच्यात उठाची ताकदच नव्हती.

"तू बस वं," ते भागीरथामामीले म्हणाले.

"मी नाही बसत. तुमचं काम तुमी करा."

मामीले सोळा वर्षांपासून एकच गोष्ट टोचून राहिली होती. मामा पहिले कचेरीत शिपाई होते. अडुसष्ट साली तिनंच म्हटलं होतं, "सोडा ती नोकरी. वेताच्या कामात तुमचा जीव रमते, तेच करा." पेन्शनची सरकारी नोकरी गेली ते तिच्या म्हणण्यानं. आज तिनं विचारूनच टाकलं, "म्या तुमचं नुकसान तं नाही केलं जी?"

मामा हासले. "येडी झाली का? तिथं साहेबाच्या दारात दिवसभर उभाच राहत होतो. नोकरी सोडली तवा कुठं मले बसाले भेटलं."

मामीनं पदरानं डोये पुसले. तिले लय हलकं वाटलं.

दुपारी मामा झोपेतच गेले.

तेरवी झाल्यावर मास्तर खुर्ची न्याले आले. ते उचलू लागले तं मामी म्हणाली, "थांबा जी."

ती खुर्चीवर बसली, चांगली मागं टेकून बसली. वेत जरासाही खचला नाही.

"आता न्या," ती म्हणाली.