विलासची शेड आणि माझं तोंड

"…अगो, विलासने बसवलेली ती नाटे बंदरावरची क्रेन…"

मच्छीमार्केटच्या स्टॉपवर दोघी बोलत होत्या. एवढ्यात एसटी आली आणि त्या चढल्या! पुढचं वाक्य गाडीतून गेलं. मग पुढचं मीच लावलं. ते काय लावलं, ते शेवटी सांगते. लाज वाटते म्हणून आधी दुसरंच सांगत बसणार आहे.

शेजारी वर्कशॉप असलं की किस्से साचतातच. माझ्या दगडी गडग्यापलीकडे विलासची शेड. मुंबईची नोकरी सोडून आला नि इथे मोठाली गोल बेअरिंगं बसवायला लागला. जाहिरात नाही, बोर्ड नाही. लोक एकमेकांना सांगतात, त्यावर धंदा चालतो.

*

पहिलं बेअरिंग टेम्पोतून उतरलं तेव्हा मी गडग्यावरूनच ओरडले, "विहिरीचा काठ आणलास काय रे?"

"काकी, क्रेनचं खालचं धड जागेवर राहतं नि वरचं फिरतं. मधे हे."

"म्हणजे जातंच की!"

"जात्यात दगडावर दगड घासतो. इथे मधे गोळ्या असतात. लोखंडावर लोखंड घासलं तर गिऱ्हाईक मला दळेल!"

*

या बेअरिंगांतही जाती आहेत. कोणाला गिअरचे दात आतून, कोणाला बाहेरून, कोणाला दातच नाहीत. चिरेखाणीवरच्या पोकलेनला बहुतेक आतून, म्हणजे माती लागत नाही. हलक्या कामाला गोळ्यांची एक ओळ पुरते, जेटीवरच्या मोठ्या क्रेनला रोलरच्या तीन ओळी.

"ओझं वाढलं की ओळी वाढतात, काकी."

"मग माझ्या गुडघ्यात तीन ओळींचं बसव!"

विलासची बायको सुनीता हसून हसून खाली बसली.

*

एक पोकलेनवाला तणतणत आला. ग्रीस भरपूर भरलं तरी मशीन करकरतं म्हणे. विलासने विचारलं, "भरताना फिरवत होतात?"

"नाय. उभं करून भरलं."

"चपातीला एकाच कोपऱ्यात तूप लावता काय?"

फिरवत फिरवत भरायचं असतं, हे तेव्हापासून मलाही पाठ.

*

हा माझा पराक्रम. दिवाळीच्या आधी शेडमध्ये गेले, तर एका मशीनच्या बोल्टांवर पिवळा रंग ओघळलेला. म्हटलं पोराला वेळ नसेल. रॉकेलचा बोळा घेतला नि सगळं लख्ख पुसून काढलं!

विलास आला, बघत राहिला. "काकी, बोल्ट आवळला की मी त्याच्यावरून खालच्या लोखंडापर्यंत रेघ मारतो. रेघ तुटली की कळतं, बोल्ट फिरला."

चाळीस बोल्ट त्याने समोरासमोरच्या जोड्यांनी पुन्हा तपासले. मला रागावला नाही. चहासुद्धा दिला.

*

आता ते, जे टाळत होते.

एसटी गेली त्याच दुपारी एक माणूस पत्ता विचारत आला. पावस गावाच्या बाजूला चिऱ्याची खाण, दोन पोकलेन, विलासकडे काम द्यायचं होतं. मी म्हटलं, "बघा हां, परवाच त्याची नाटे बंदरावरची क्रेन कोसळली." तो आल्या पावली परत गेला. मग हेच मी भजनाला सांगितलं, पिठाच्या गिरणीवर सांगितलं. काळजीच्या सुरात!

महिन्याभराने सुनीता आली. "काकी, फोनच वाजत नाय ओ. हे शेड बंद करून परत मुंबईला जाऊ म्हणतात."

मी तशीच उठले. विलास सामान बांधत होता. सगळं सांगून टाकलं.

तो खाली बसला. "पडली नाय काकी. पण चूक माझीच. बेअरिंगच्या प्रत्येक रिंगवर एक जागा मऊ राहते. लोखंड तापवून कडक करताना सुरुवात नि शेवट जिथे भेटतात ती. तिथे 'सॉफ्ट'चा 'एस' कोरलेला असतो. ती जागा क्रेनच्या हाताखाली, ओझ्याच्या तोंडाशी ठेवायची नसते. मी नेमकी तिथेच ठेवली. घरी आल्यावर लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी जाऊन क्रेनच्या मालकांना, दाऊदभाईंना सांगितलं, क्रेन बंद ठेवा म्हणून. उघडून परत बसवली."

"दाऊदभाई काय म्हणाले?"

"शिव्या घातल्या. मग जेवायला बसवलं."

मी मान वर करू शकले नाही. म्हटलं, "तो खाणवाला… त्याला मी स्वतः जाऊन सांगते."

"नाव काय त्याचं?"

अख्ख्या आळीत कोणाच्या सुनेचं माहेर कुठलं, कोणाच्या पोराला किती टक्के, सगळं मला माहीत!

"नाव…" मी म्हटलं, "विचारलंच नाय रे."