गुणी बाळ

माझ्या नातीला, मुक्ताला, सहावा महिना सरत आलाय. दुपारी ती पोटावर शेंगदाण्यांची वाटी ठेवून पुस्तक वाचत होती. वाटी एकदम उडाली आणि चार दाणे सांडले.

"बघ गं आजी, कसा लाथा मारतोय! जरा म्हणून निजू देत नाही."

मी दाणे वेचायला वाकले, ते तोंड लपवायलाच.

माझ्या पहिल्या वेळी, याच महिन्यात, बाळ असाच धुडगूस घालायचं. मग एक दिवस गप्प झालं. आणि मी, वीस वर्षांची महाशहाणी, जावेपुढे मिरवले, "माझं बाळ गुणी आहे हो, आईला त्रास देत नाही!" देव अक्कल वाटत होता तेव्हा मी बहुधा आरशापुढे होते. दोन दिवस त्या गुणीपणाचं कौतुक करत डोहाळजेवणाच्या हिरव्या साडीला फॉल लावत बसले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पोटाला नळी लावली, चार जागी ठोके शोधले आणि शेवटी नळी काढून ठेवली.

लवकर गेले असते तर? "सांगता येत नाही," त्या म्हणाल्या होत्या. पन्नास वर्षांनी मलाही सांगता येत नाही.

"आता बास रे!" मुक्ता पोटाला दटावत होती.

"दटावू नकोस. आणि कधी गप्प झाला तर कौतुक करत बसू नकोस, तडक दवाखाना गाठ."

ती हसली. घरात माझी ख्यातीच थट्टेखोर म्हणून. मग मी तिचा हात धरला आणि पुन्हा सांगितलं, या वेळी न हसता.