मोजणीदारांचं बटण

रेडिओमावशी हे नाव तिला गिऱ्हाइकांनी दिलं. रेडिओच्या कारखान्यात तिने सतरा वर्षं सोल्डरिंग केलं. कारखाना बंद पडला तेव्हा नवरा म्हणाला, "आता घरी निवांत बस." ती दोन आठवडे निवांत बसली. त्यात घरातली सगळी कपाटं आवरून झाली, शेजारणीचा मिक्सर दुरुस्त करून झाला. तिसऱ्या आठवड्यात ती टायरवाल्याच्या शेजारचा रिकामा गाळा बघून आली. जुन्या गाड्यांतले कंपनीचे रेडिओ काढून नवे बसवायचं काम तिने सुरू केलं.

तिचा एक नेम होता. गाडीच्या मूळ वायरींना कात्री लावायची नाही. मधे जोडायला त्या-त्या गाडीचा प्लग मिळतो, तो मागवायचा आणि तोवर गिऱ्हाइकाला थांबवायचं. लोक कुरकुरत, पण थांबत.

एकदा गणिताच्या एक बाई वडलांची बावीस वर्षं जुनी गाडी घेऊन आल्या. "बाबांना दर आठवड्याला दवाखान्यात न्यावं लागतं," त्या म्हणाल्या. "फोनवरचा नकाशा नीट ऐकू यायला हवा. आणि परवाच जायचंय." त्या गाडीचा प्लग यायला चार दिवस लागणार होते. बाहेर आणखी तीन गाड्या उभ्या होत्या. मावशीने बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कात्री घेतली. अकरा वायरी कापल्या, पडदावाल्या नव्या रेडिओला जोडल्या, जुना रेडिओ पिशवीत घालून बाईंच्या हातात दिला. आवाज उत्तम आला. बाई खूश होऊन गेल्या.

तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. "बाबा गाडीत बसायलाच तयार नाहीत. आज दवाखाना बुडाला."

वडील एकेकाळी जमिनीची मोजणी करायचे. आता त्यांना मुलीचं नावही कधी आठवे, कधी नाही. पण गाडीत बसलं की हात आपोआप रेडिओच्या गोल बटणाकडे जायचा. बटण डावी-उजवीकडे फिरवत ते दवाखान्यापर्यंत शांत बसत. हे बाईंना दर वेळी दिसत होतं, पण सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

मावशी हत्यारांची पेटी घेऊन त्यांच्या घरी गेली. म्हातारे अंगणात खुर्ची टाकून गाडीकडे पाठ करून बसले होते.

"काका, गाडीत बसत नाही म्हणे तुम्ही?"

"ती आमची नाही."

"मग कुणाची आहे?"

"असेल कुणाची तरी. आमच्या गाडीला बटण आहे."

मावशी वरमली. नेम पाळला असता तर जुना रेडिओ पाच मिनिटांत परत लागला असता. मोडला तेव्हा आपण मनाशी एवढंच म्हणालो होतो की कुणाला कळणार आहे.

तिने पडदा उतरवला आणि डॅशबोर्डखाली डोकं घालून उताणी झाली. कापलेली एकेक वायर सोलायची, जोडायची, डाग द्यायचा. दुपार त्यातच गेली. मग तिने पिशवीतला जुना रेडिओ उघडला आणि फोनचा आवाज घेणारी काड्यापेटीएवढी पट्टी आत बसवली. आता नकाशा याच रेडिओतून बोलणार होता, आणि त्याचा आवाज त्याच बटणाने कमी-जास्त होणार होता. मधे एकदा तिने मान बाहेर काढली तर काकांनी खुर्ची फिरवून घेतली होती.

"तो स्क्रू आधी," ते म्हणाले.

"हो, आधी तोच."

रेडिओ जागेवर बसवून झाल्यावर तिने गाडीचं दार उघडं ठेवलं. काका उठून आत बसले आणि त्यांनी बटण फिरवलं. बाईंनी फोनवर नकाशा लावला. रेडिओतून एका बाईचा आवाज आला, "पुढे डावीकडे वळा."

काकांनी मान डोलावली. "या बाईला रस्ते माहीत आहेत," ते मुलीला म्हणाले. "हिलाच विचारत जा."

मुलगी खूप दिवसांनी हसली, आणि हसता हसता तिने चष्मा काढून पुसला.

पुढे दीड वर्ष काका त्या गाडीतून दवाखान्यात गेले. शेवटी शेवटी ते बोलेनासे झाले, तरी हात बटणावर असायचा. ते गेल्याचं बाईंनीच येऊन सांगितलं. दोघी गाळ्यातल्या बाकावर चहा घेत बसल्या.

मावशी आता पेचकस हातात घेण्याआधी विचारते, "गाडीत आणखी कोण बसतं?" बहुतेकांना प्रश्न चमत्कारिक वाटतो. परवा एकाने डोकं खाजवून सांगितलं, "कधीकधी सासूबाई."

"मग त्यांना घेऊन या."

तो पुटपुटत गेला, आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच सासूबाईंना घेऊन आला.