अरुणोदयाला वीसपैकी अकरा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिला तर मी डाव्या गुडघ्याची प्रत्येक कळ सांगतो. तीन वर्षं टाळत आलो. एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं, असं स्वतःला समजावत आलो. एवढीशी आहे का, ते तुम्हीच बघा.

मी सेनगाव तालुक्यात चौतीस वर्षं मराठी शिकवलं. दर वर्षी ‘पहाट’ हा निबंध फळ्यावर लिहून दिला – माझा स्वतःचा. ‘अरुणोदयाची ती मंगल वेळा...’ अशी सुरुवात. जुने विद्यार्थी एसटीत भेटले की अजून ती ओळ म्हणून दाखवतात. शिक्षकाला आणखी काय हवं?

निवृत्तीनंतर एकदा रेणुका घरी आली. माझीच विद्यार्थिनी, आता स्वतः शिक्षिका. आठ-दहा शाळांची मिळून निबंध स्पर्धा होती. विषय – ‘पहाट’. वह्यांचा ढीग, तपासणारं कुणी नाही, म्हणून एआयकडून तपासून घ्यायचं ठरलं होतं. पानांचे फोटो काढायचे, कशाला किती गुण ते निकष लिहून द्यायचे. मग मशीन गुण देणार, शेराही देणार.

“सर, आधी वीस निबंध तुमी तपासा. तेच मशीन तपासंल. जिथं जुळणार न्हाई, तिथं निकष सुधरू. तुमच्याइतकं निबंधातलं कुणाला कळतं?”

हे शेवटचं वाक्य तिनं बोलायला नको होतं.

त्या विसांत साखऱ्याजवळच्या तांड्यावरच्या पूजाचा निबंध होता. आठवीतली पोर. तिनं लिहिलं होतं – ‘शेळी ओरडली की आमची पहाट होते. शेळी नाही ओरडली तर आई ओरडते. दोघी एकदम ओरडल्या तर बापसुद्धा उठतो.’ मी एकटाच मोठ्यानं हसलो. अठरा गुण दिले. मशीननंही अठराच दिले. बराबर जुळलं. रेणुकानं आनंदाच्या भरात पूजाला सांगूनही टाकलं, की तुझा नंबर लागेल बहुतेक. पहिला येणारा हिंगोलीत स्टेजवर निबंध वाचणार होता. ऐकायला तांड्यावरून दोन जीपा भरून माणसं जाणार, असंही ठरलं.

इथंच थांबायचं की नाही? पण मला खाज सुटली. माझाच ‘पहाट’ मी नातीच्या अक्षरात उतरवून घेतला, खोटं नाव टाकलं आणि एकविसावा म्हणून सरकवून दिला.

मशीननं दिले अकरा. खाली शेरा – ‘भाषा सजवलेली आहे. लेखकाने पहाट स्वतः पाहिल्याचे जाणवत नाही.’

आता – तुमच्यापासून काय लपवायचं – मी जन्मात साडेसातच्या आधी उठलेलो नाही. पण हे त्या मशीनला कुणी सांगितलं?

मी रेणुकाला म्हणालो, निकष कच्चे आहेत. अलंकारिक भाषेला तीन गुण घातले. माझे झाले चौदा. शेवटी सुविचार असेल तर तीन. सतरा. मग ‘घरगुती उल्लेख व जनावरे आल्यास गुण कमी’ असं घातलं. त्यानं माझा एकही गुण वाढणार नव्हता, हे मला ठाऊक होतं. मग काहून घातलं? पूजाचे माझ्याहून जास्त राहू नयेत म्हणून. दुसरं कारण नाही.

“सर, शेळीचे गुण काहून कापून राहिलो आपण?” रेणुकानं विचारलं.

“निबंधाला शिस्त असती, बाई,” मी म्हणालो.

तिनं ऐकलं. माझी विद्यार्थिनी ना! पूजाचे झाले नऊ.

त्याच निकषांवर सगळा ढीग तपासला गेला. पहिला आला कळमनुरीकडचा एक मुलगा. त्याचा बाप माझ्या हाताखाली शिकलेला, आणि निबंध – अक्षरन् अक्षर माझा, फक्त ‘मंगल वेळा’चं ‘मंगळवेढा’ झालेलं. मशीननं ते चालवून घेतलं. हिंगोलीत पोरानं खणखणीत वाचलं आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. जीपा आल्या नव्हत्या.

पुढं महिनाभरानं मी तांड्यावर गेलो. माफी मागायलाच गेलो होतो. रस्ताभर वाक्य घोकत होतो. पूजाच्या बापानं खुर्ची पुसून दिली, चहा झाला. “एवढ्या लांब तकलीफ घेतली सर,” असं तो दोनदा म्हणाला. मग पूजा वही घेऊन आली. तिनं नवा निबंध लिहिला होता – मशीनचा शेरा वाचून, शहाण्या पोरीसारखा. अलंकार होते. सुविचार होता. आई नव्हती, बाप नव्हता, शेळी नव्हती. एकही वाक्य तिचं नव्हतं.

“आता बराबर हाय का, सर?”

ओठांवर आलं होतं – पोरी, तुझा पहिलाच चांगला होता, मी तो जाणूनबुजून पाडला, माझं चुकलं.

तोंडातून निघालं – “अक्षर थोडं सुधार.”

“व्हय, सर,” ती म्हणाली आणि तिनं वही मिटली.