सत्तरच्या वर घेत नाहीत

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मैत्रिणीला नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही नीट सांगता येणार नाही. सांगताना काहीतरी वाटायला हवं — रडू यावं, धडधडावं. तसं काही होत नाही. आतून सगळं बधिर आहे.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे अमेरिकेत, अल्फारेटाला राहायला आले. चंद्रपूरकडच्या जंगलात ते वनपाल होते, सगळी नोकरी तिथेच झाली. आमच्या बॅकयार्डमध्ये हरणं येतात. बाबा सकाळी खुरांचे माग बघून सांगायचे, तीन होती, त्यातली एक गाभण आहे. आम्ही ‘हं’ म्हणायचो आणि लॅपटॉप उघडायचो.

आमच्या आणि माझ्या मैत्रिणीच्या कुटुंबानं मिळून बोत्स्वानाच्या सफारीला जायचं ठरवलं, तेव्हा त्यात बाबा होतेच. वेळ तर त्यांनीच काढून दिली. एजंट म्हणाली होती, जुलैच्या गर्दीआधी जा, शोल्डर सीझनमध्ये. मी ते बाबांना समजवायला गेले, तर तेच मला म्हणाले, "म्हणजे तिथला मे हा आपला कार्तिक. पाऊस सरलेला, गवत वाळायला लागलेलं, पाणवठ्यांत पाणी. एप्रिल नको बेटा, गवतात जनावर दिसत नाही. मेचा शेवटचा आठवडा घे." एजंटनंही शेवटी तोच आठवडा सुचवला.

मग असं काय झालं? खरं तर काहीच नाही. एका रविवारी आम्ही सगळे उत्तर जॉर्जियाच्या डोंगरात ट्रेलवर गेलो. पार्किंग लॉट संपून झाडं सुरू होतात, तिथे बाबांनी बूट काढले. वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली आणि हात जोडून उभे राहिले. जंगलात शिरण्याआधी ते नेहमीच असं करतात — लहानपणी मीही त्यांच्या शेजारी उभी राहून केलंय. मैत्रिणीच्या मुली खुदकन हसल्या. एका अनोळखी बाईनं थांबून विचारलं, "इज ही ओके?" मी म्हटलं, ते जरा दमलेत.

परत येताना गाडीत मला सारखी ती सफारीची जीप दिसत होती. सगळे बसलेत, गाइड खोळंबलाय आणि बाबा बूट काढतायत. मला त्यांची लाज वाटली. त्याला दुसरा शब्द नाही.

प्रवाशांचे फॉर्म मीच भरत होते. बाबांचा भरला नाही. त्यांना सांगितलं, "सत्तरच्या वर घेत नाहीत बाबा, इन्शुरन्सचा नियम आहे." आणि मिलिंदला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं की बाबाच नको म्हणतायत, गुडघे दुखतात त्यांचे. एका घरात दोन माणसांना दोन थापा — पकडले जाण्याची भीती नाही वाटली? नाही वाटली. जावई आग्रह करून सासऱ्यांना अवघडवणार नाही, आणि सासरे जावयाकडे आपणहून विषय काढणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. दोघांच्या भिडस्तपणाच्या भरवशावर मी बिनधास्त खोटं बोलले.

बाबा म्हणाले, "नियम म्हणजे नियम." मग एका कागदावर मला लिहून दिलं — सकाळी जीपच्या कुठल्या बाजूला बसायचं, वारा कुठून आहे ते कसं ओळखायचं, माकडं ओरडली की कुठे बघायचं. तो कागद मी बॅगेतून बाहेरही काढला नाही.

परतल्यावर डायनिंग टेबलाशी बसून आम्ही बाबांना फोटो दाखवत होतो. एका फोटोत आमच्याच जीपमध्ये, पुढच्या सीटवर, काठी घेतलेले एक आजोबा होते. मिलिंद म्हणाला, "हे बघा बाबा, एटी-वनचे आहेत हे. गाइडनं स्टूल ठेवून चढवलं, नो प्रॉब्लेम. तुमचे गुडघे दुखत नसते ना, तर तुम्हीही एन्जॉय केलं असतं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं, नाही का? मी पुढचा फोटो शोधत राहिले.

"हो ना," बाबा त्याला म्हणाले. "फारच दुखत होते तेव्हा." मग मला विचारलं, "गवत कसं होतं?"

"वाळत आलेलं," मी म्हटलं. "तुम्ही म्हणालात तसंच."

त्याला आता वर्ष होत आलं. आम्ही दोघांनी तो विषय कधी काढला नाही. बाबांच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही, रोज सकाळी दोन मैल चालून येतात. पण मिलिंद घरात असला की ते कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत जिना चढतात. तो ऑफिसला गेला की धरत नाहीत.