जोडीदार नसलेला डाव

चादरीची अर्धी घडी पलंगावर टाकून काकू बाहेरच्या खोलीत आल्या. तिथे चौघांचा मेंढीकोट मांडला जात होता. काका, म्हणजे निवृत्त घड्याळजी, हल्ली पडलेली पानं विसरत. काल त्यांनी दश्शी फुकट घालवली, तेव्हा त्यांचा जोडीदार शिंपी त्यांच्यावर खेकसला होता. आज काका म्हणाले, “मी नुसता बघतो.”

“भावोजी, जजमेंट खेळा की,” काकू शिंप्याला म्हणाल्या. “जोडीदार नाही, आपले किती हात होणार ते आपणच आधी सांगायचं, चूक ज्याची त्याच्याच माथी.”

“मग वहिनी, मी ओरडू कुणावर?”

“स्वतःवर! तुम्ही काय कमी चुकता?”

सगळे हसले. काकांनी खुर्ची पुढे ओढली आणि वाटून आलेली पानं लावून ते म्हणाले, “माझे दोन.”

काकूंनी मनात देवाला हात जोडले आणि त्या दूध आणायला निघाल्या.