सुटकेच्या दुसऱ्या दिवशीची घंटा

सांता लुसिलाच्या मळ्यावर बासियान विहिरीला निघाला की टेकडीला वळसा घालून जायचा. सरळ वाट मोठ्या घराच्या ओट्याखालून जात होती, आणि ओट्याच्या कोपऱ्यावर दोन दगडी खांबांमध्ये घंटा टांगलेली होती. मालकाच्या आजानं ती हॉलंडहून गलबतानं आणवली. परत जाताना तेच गलबत कुरासाव बेटाचं मीठ भरून गेलं. त्याही आधी त्या घराण्याची गलबतं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं भरून आणत. त्याच माणसांची नातवंडं आता मळ्याच्या उतारावर, ज्वारीच्या ताटांनी शाकारलेल्या झोपड्यांत राहत होती. बासियान त्यांच्यातलाच.

"मुकादम, आजपण लांबची वाट?" विहिरीवरच्या बायका विचारायच्या. "पाय दुखत नाहीत व्हय रे तुझे?"

तो हसल्यासारखं करायचा आणि घडा बुडवायचा.

मुकादम हे नाव त्याला उगीच चिकटलं नव्हतं. गुलामीच्या काळात तोही गुलामच, पण शोननं, म्हणजे मालकानं, त्याच्या हाती चाबूक दिला होता. पहाटे घंटा वाजवायची, माणसं रांगेला लावायची आणि रांगेच्या मागून चालायचं. मिसरूड फुटल्यापासून तो हेच करत आला. आपण हलक्या हातानं मारतो, असं तो मनाशी म्हणायचा. एकदा शोन घोड्यावर बसून बघत होता, तेव्हा डोरोतेयाच्या पाठीवर त्यानं हात हलका ठेवला नाही. तो वळ अजून होता. विहिरीवर ती वाकली की दिसायचा.

पण लोक टोमणे मारत ते चाबकावरून नव्हे. चाबूक सगळ्याच मळ्यांवर होता. सांता लुसिलाची लाज वेगळी होती.

हॉलंडच्या राजाच्या हुकुमानं सगळे गुलामीतून सुटले, तो जुलैचा दिवस. शोननं ओट्यावर उभं राहून हुकूम वाचला, पाद्र्यानं प्रार्थना म्हटली, आणि खाली माणसं नाचून नाचून दमली. बकरी कापली गेली. हंडे भरून फुंची, म्हणजे पिठाची घट्ट उकड, घाटली गेली. बासियानही नाचला. डोरोतेयानं त्याच्या हातात प्रसाद ठेवावा तसा मटणाचा तुकडा ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत तो उठला, चढण चढला आणि घंटा वाजवली. कुणी सांगितलं नव्हतं. पायांना वाट ठाऊक होती, हातांना दोर ठाऊक होता. आणि खाली एकेक दार उघडलं. माणसं कुदळी खांद्यावर टाकून आली आणि रांगेत उभी राहिली.

"आज कुठं?" पुढच्या माणसानं विचारलं.

"बांधाची दगडं उचलायची," बासियान म्हणाला.

रांग चालू लागली. तो मागून निघाला. चिंचेच्या झाडापर्यंत गेल्यावर डोरोतेया थांबली. "अरे," ती हळूच म्हणाली, "आपण काल सुटलो ना रे?"

रांग जागच्या जागी थबकली. ओट्यावर शोन कॉफी पीत उभा होता. तो इतका हसला की पेल्यातली कॉफी त्याच्या सदऱ्यावर सांडली. माणसं एकमेकांकडे न बघता घरी गेली. त्या सकाळबद्दल सांता लुसिलात कधी कुणी उघड बोललं नाही. बासियानला नावं ठेवणं सोपं होतं, कारण घंटा त्यानं वाजवली होती. आले तर सगळेच होते.

वर्षं गेली. सुटले तरी जायचं कुठं? जमीन शोनची. झोपडी आणि ज्वारीपुरता तुकडा हवा तर त्याच्या शेतावर ठरलेले दिवस फुकट राबायचं, असा रिवाज पडला. म्हातारा शोन मेला, त्याचा मुलगा आला. लोक वेठीच्या दिवशी उन्हं वर आल्यावर येत, हे त्याला खुपत होतं. ज्वारी कापणीला आलेली असताना त्यानं बासियानला बोलावलं.

"उद्यापासून घंटा वाजव. तुझं ऐकतात म्हणे सगळे. बाबा सांगायचे," तो म्हणाला, आणि गालात हसला. "जमत नसेल तर शनिवारपर्यंत झोपडी सोड. त्यानंतर उभं पीक जमिनीबरोबर माझं."

बासियानची झोपडी ती एकच होती आणि वर्षाचं पोट त्या ज्वारीत होतं. संध्याकाळी तो डोरोतेयाच्या कुंपणाशी गेला. निवडुंगाच्या फटीतून ती शेळ्या कोंडताना दिसत होती.

"आक्का, मी उद्या घंटा वाजवणार. पण तुम्ही कुणी येऊ नका."

"व्वा," ती म्हणाली. "म्हणजे तू हुकूम पाळलास, आम्ही मोडला. तुझं छप्पर राहिलं, आमचं गेलं. डोकं चालतं बघ मुकादमाचं."

त्याला हे सुचलंच नव्हतं. न सुचता आपण पुन्हा स्वतःलाच वाचवत होतो, हे कळलं तेव्हा त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तो तसाच परत फिरला.

पहाटे तो ओट्याशी गेला. धाकटा शोन वाट बघत होता. बासियाननं दोराला हात लावला नाही.

"हात थरथरतात का?"

"नाही शोन. हातांना दोर अजून ठाऊक आहे. म्हणूनच नको."

घंटा वाजली नाही. शनिवारपर्यंत निघायचं ठरलं.

शुक्रवारी सकाळी त्यानं हंडा, चटई आणि विळा बांधला. बाहेर कुणीतरी गायीचं शिंग फुंकल्याचा आवाज आला. कुदळीच्या पात्यावर लोखंड वाजत होतं. कापणीला वाजवतात तसंच. बायका टोपल्या घेऊन त्याच्या तुकड्यात उतरल्या होत्या आणि पुरुष कणसं खुडत होते. शनिवार उजाडेपर्यंत ज्वारी त्याची होती.

"आक्का, हे कशाला?"

"माफ केलंय असं समजू नकोस," डोरोतेया म्हणाली. "कणसं वाळलीत. पाखरं खातील."

टोपल्या भरल्या. समुद्राकडच्या वस्तीत त्याची बहीण राहत होती, तिकडे रांग निघाली. पुढं शिंग, मागं गाणं. बासियान डोक्यावर टोपली घेऊन मान खाली घालून चालला होता. चिंच मागं पडल्यावर त्यानं पाहिलं, त्याच्या मागं कुणीच नव्हतं. पाय आपोआप रांगेच्या शेवटाला आले होते, जुन्या जागेवर.

डोरोतेयानं वळून पाहिलं. गाणं तिनं थांबवलं नाही, नुसतं हातानं खुणावलं आणि आपल्या पुढची जागा मोकळी केली. बासियान तिथं गेला. तिच्या पाठीचा वळ आता त्याच्या डोळ्यांपुढं नव्हता. त्याची पाठ तिच्या डोळ्यांपुढं होती. गाण्याचे शब्द त्याला सगळे पाठ होते. वस्ती येईपर्यंत त्यातला एकही त्याच्या तोंडून निघाला नाही.